आकडा वाचला, पेपर वाचलाच नाही

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात गेली काही वर्षं एक युक्तिवाद सारखा कानावर येतो. महाविद्यालयाच्या समित्यांत येतो, सत्काराच्या भाषणांत येतो, पीएच.डी.साठी गाइड शोधत फिरणाऱ्या मुलांच्या तोंडूनही येतो. तो असा : केमिस्ट किती मोठा हे ठरवायला आता कुणाच्या शिफारशीची गरज नाही. नाव टाका, किती पेपर, किती सायटेशन, एच-इंडेक्स किती, सगळं समोर येतं. ज्याचा आकडा मोठा तो शास्त्रज्ञ मोठा. आणि आपल्याकडच्या बहुतेकांचे आकडे लहान आहेत, म्हणजे इथे सेंद्रिय रसायनशास्त्राचं संशोधन झालेलंच नाही. इथे आहेत ते कारखाने आणि त्यांचा वास.

हा युक्तिवाद चुकीचा आहे. त्याने माणसांचं नुकसान होतं आणि विषयाचंही होतं. रसायन शिकवणाऱ्या आणि कारखान्यात राबवणाऱ्या माणसांत राहणाऱ्या कुणीतरी त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं, म्हणून हा लेख.

आधी या युक्तिवादातला सगळ्यात भक्कम भाग मान्य करतो, कारण तो खरा आहे. आकडा येण्यापूर्वी आपल्याकडे काय होतं? वशिला होता. कुणाचा विद्यार्थी, कुठल्या गटातला, कुणाच्या शिफारशीचा, यावर नेमणुका ठरत. माटुंग्याच्या किंवा पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेचा शिक्का नसलेल्या, बदलापूरहून सकाळची लोकल पकडून येणाऱ्या प्राध्यापकाला आपलं काम दाखवायला जागाच नव्हती. आता त्याच्या लेखाचा उल्लेख जपानमधल्या किंवा जर्मनीतल्या कुणी अनोळखी माणसाने केला, तर तो पुरावा त्याच्या विभागप्रमुखाला दाबून टाकता येत नाही. ही सोय लहान नाही. आकड्याला विरोध करणाऱ्यांनी ती नाकारली तर त्यांचंच म्हणणं लंगडं पडेल.

पण वशिल्याला पर्याय म्हणून जे आलं, ते मुळात कशासाठी बनलं होतं हे पाहा. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो वाङ्मय शोधण्यासाठी. एखाद्या लेखानंतर त्या विषयावर कुणी काय लिहिलं, हे धागा धरून सापडावं एवढाच त्याचा हेतू होता. इम्पॅक्ट फॅक्टर आला तो कुठली नियतकालिकं निवडावीत हे ठरवण्यासाठी. माणसांची निवड करणं हे त्याचं काम नव्हतं. एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला : ज्याच्या वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले त्याचा एच वीस. एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फक्त ढोबळ अंदाज येतो, हे त्याने त्याच लेखात सांगितलं होतं. पंधरा वर्षांनी, २०२० मध्ये, आपल्या या मापाचे गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम झाले आहेत, असं त्याने स्वतः लिहिलं. माप बनवणाराच सावध करतो आहे. आपल्या समित्या मात्र त्याच मापाने नेमणुका आणि बढत्या करत आहेत.

त्या मापात साधं गणित काय सांगतं तेही बघू. एखाद्याचे पाचच लेख असतील आणि प्रत्येकाला हजार उल्लेख मिळाले असतील, तर त्याचा एच पाच. दुसऱ्याचे चाळीस लेख, प्रत्येकी चाळीस उल्लेख, त्याचा एच चाळीस. या दोघांत कोण मोठा, हे आकड्यावरून ठरवायचं म्हटलं की उत्तर तयार असतं आणि ते चुकीचं असू शकतं. शिवाय सेंद्रिय संश्लेषणाचं क्षेत्र मुळातच कमी उल्लेखांचं. एका गुंतागुंतीच्या नैसर्गिक रेणूचं पूर्ण संश्लेषण करायला तीन-चार विद्यार्थ्यांची पीएच.डी. खर्ची पडते, आणि त्या रेणूवर जगात काम करणारे गट असतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी सगळ्यांनी उल्लेख केला तरी आकडा तेवढाच. नॅनोकणांवर किंवा ग्राफीनवर एक आढावा लेख लिहिला, तर त्याला उल्लेख द्यायला हजारो माणसं रांगेत उभी असतात. दोघांना एकाच तराजूत घालणं म्हणजे भातशेतीचं आणि आमराईचं उत्पन्न क्विंटलमध्ये मोजून शेतकऱ्यांचा क्रम लावणं.

आता सेंद्रिय रसायनशास्त्राच्या आतली उदाहरणं घेतो, कारण आकड्याचा दावा तिथेच सगळ्यात जास्त कोसळतो.

कृष्णस्वामी वेंकटरामन हे नाव आपल्याकडे बी.एस्सी.च्या मुलालाही माहीत असायला हवं. माटुंग्याच्या यूडीसीटीचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, ते १९३८ पासून संचालक होते. १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईचा आणि पर्यायाने आपल्या पट्ट्याचा रंगद्रव्य उद्योग त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी उभा केला. त्याआधी लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात असताना त्यांनी एक अभिक्रिया शोधली. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी तीच स्वतंत्रपणे शोधली. १९३३-३४ च्या त्या कामाला आज बेकर–वेंकटरामन पुनर्रचना म्हणतात. ऑर्थो जागेवर ॲसिल-ऑक्सी गट असलेलं किटोन घ्या, अल्कली घाला, ॲसिल गट ऑक्सिजनवरून कार्बनवर सरकतो आणि डायकिटोन मिळतं. मग आम्ल घातलं की वलय मिटतं आणि फ्लेव्होन तयार. जगभर फ्लेव्होन बनवणारी माणसं अजून याच वाटेने जातात. ती वेंकटरामन यांच्या मूळ लेखाचा उल्लेख करतात का? बहुतेक वेळा नाही. अभिक्रियेचं नाव लिहिलं की पुरतं. काम जितकं खोल रुजतं, तितका त्याचा उल्लेख गळत जातो. ग्रिन्यारचा मूळ लेख शोधून उद्धृत करणारा केमिस्ट तुम्ही कधी पाहिला आहे? पण अंबरनाथच्या ज्या कारखान्यात ग्रिन्यार अभिक्रिया चालते, तिथल्या ऑपरेटरच्या तोंडी ते नाव रोज असतं.

दुसरं उदाहरण प्रत्येक आर अँड डी लॅबच्या टेबलावर उभं आहे. १९७८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात क्लार्क स्टिल यांनी, काह्न आणि अभिजित मित्रा यांच्यासोबत, सिलिकाच्या कॉलममधून हवेच्या दाबाने द्रावक ढकलून मिश्रण झटपट वेगळं करण्याची पद्धत छापली. तीच फ्लॅश क्रोमॅटोग्राफी. तासांचं काम मिनिटांवर आलं. त्या लेखाला उल्लेख भरपूर मिळाले, पण वापराच्या मानाने ते काहीच नाहीत. दिवसाला चार कॉलम चालवणारा केमिस्ट कधी कुणाचा उल्लेख करतो? तो टीएलसी बघतो, फ्रॅक्शन गोळा करतो आणि पुढच्या कामाला लागतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे जगातला सर्वांत जास्त उद्धृत झालेला वैज्ञानिक लेख. प्रथिनं मोजण्याच्या एका पद्धतीवर ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये तो लिहिला. २०१४ पर्यंत त्याला तीन लाखांहून अधिक उल्लेख मिळाले होते. तो आपला थोर लेख आहे असं खुद्द लाउरी यांनाही वाटत नव्हतं. मग मोठेपणा आणि उल्लेख यांचं नातं किती सैल आहे ते वेगळं सांगायला नको.

आणि तिसरं उदाहरण तर आपल्याच मध्य रेल्वेवरचं. मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. भारतीय औषधी वनस्पती तपासताना तिथे कोलियसच्या मुळांतून एक डायटर्पीन वेगळं काढण्यात आलं. सुजाता भट आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्याची रचना छापली. तेच फोर्स्कोलिन. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या सीमन आणि डेली यांनी दाखवून दिलं की हा रेणू ॲडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम थेट जागं करतो. तेव्हापासून पेशींवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये फोर्स्कोलिनची कुपी असते. जपानमध्ये त्यापासून हृदयविकाराचं औषधही निघालं. ते वापरणारे संशोधक लेखात काय लिहितात? रेणूचं नाव आणि कंसात ज्या कंपनीकडून कुपी विकत घेतली तिचं नाव. फार तर १९८१ चा उल्लेख करतात. मुळं वाळवून, अर्क काढून, कॉलम चालवून, एनएमआर वाचून ज्यांनी रेणू हातात दिला, त्यांच्यापर्यंत हा हिशोब क्वचित पोचतो. आकड्यावर माणूस तोलणाऱ्याला विचारतो : मुलुंडच्या त्या कामाचं वजन तुमच्या काट्यावर किती भरेल?

आता अंबरनाथकडे वळतो, कारण ‘इथे संशोधनच नाही’ हा आरोप मला सगळ्यात जास्त लागतो.

धरमसी मोरारजी कंपनीचा गंधकाम्लाचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला तो १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे या गावात रसायन बनतं आहे त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आज अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत औषधांचे कच्चे घटक, रंगांची मध्यस्थ रसायनं, सुगंधी द्रव्यं, काय काय बनतं. हे सगळं बाहेरून आलेल्या कागदांवर चालतं असं ज्याला वाटतं, त्याने कधी प्रोसेस बसवताना पाहिलेली नाही. पुस्तकात एक वाट लिहिलेली असते. शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ती चालते. दोन हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये तीच वाट उष्णता बाहेर काढू शकत नाही, तापमान चढतं, उपउत्पादन वाढतं, गाळणी तुंबते. मग आपला केमिस्ट बसतो. द्रावक बदलतो, भर घालायचा क्रम उलटा करतो, उत्प्रेरक अर्ध्यावर आणतो, मदर लिकर पुन्हा वापरता येईल का पाहतो. तीन महिन्यांनी यील्ड वर येतो आणि सांडपाणी शुद्धीकरणाला (ईटीपी) जाणाऱ्या पाण्याचा सीओडी, म्हणजे प्रदूषणाचं माप, खाली येतो. हे संशोधन नाही तर काय आहे? पण त्याचा पेपर निघत नाही, कारण मालक तो निघू देत नाही. पेटंट निघालं तर निघालं, नाहीतर वहीत राहिलं.

ही वहीतली विद्या या देशात मुद्दाम रुजवली गेली. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि औषधांच्या रेणूवर पेटंट देणं बंद झालं. पेटंट फक्त कृतीवर. म्हणजे तोच रेणू वेगळ्या वाटेने बनवून दाखवा आणि विका. १ जानेवारी २००५ पर्यंत ही मुभा होती. ती बत्तीस-तेहतीस वर्षं भारतीय प्रोसेस केमिस्टच्या कर्तबगारीची होती. आज आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये गोळ्यांची पट्टी ज्या भावात मिळते त्यामागे ती कर्तबगारी आहे. तिचं सायटेशन शून्याच्या आसपास.

केकी घरडांचंच पाहा. यूडीसीटीत शिकले, मिशिगनला पीएच.डी. केली, ओक्लाहोमाला शिकवलं आणि परत आले. पदवीने ते केमिकल इंजिनिअर, पण काम मात्र रेणू बनवण्याच्या नव्या वाटा शोधण्याचं. डोंबिवलीला त्यांचा कारखाना होता. गव्हातल्या तणावर चालणारं आयसोप्रोट्युरॉन परदेशी कंपन्या फॉस्जीन वापरून बनवत. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धातला विषारी वायू, आणि भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट ज्यापासून बनत होतं तोही हाच. घरडांनी फॉस्जीन टाळून आयसोप्रोट्युरॉन बनवायची वाट काढली आणि ते स्वस्त केलं. २०२४ मध्ये ते वारले. त्यांचा एच-इंडेक्स काय होता, हा प्रश्नच त्यांच्या कामाशी किती विसंगत आहे, हे पंजाबातल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही कळेल.

आणखी एक गोष्ट आपल्याच दारातली. अंबरनाथला संरक्षण संशोधन संस्थेची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला पृष्ठभागावर न येता जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून लागणाऱ्या इंधन-विद्युतघटाचं काम तिथे झालं. अशा कामातला किती भाग छापला जाणार? जो छापायचा नसतो तोच तर महत्त्वाचा. मग काय म्हणायचं, तिथे बसलेले केमिस्ट लहान?

इथे प्रतिपक्ष म्हणेल : ठीक आहे, कारखान्यातल्या माणसाला आकडा लावू नका. पण महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचं काय? त्याला तर पेपर लिहायलाच नेमला आहे.

नाही, तसा नेमलेला नाही. तो आधी शिकवायला नेमला आहे. उल्हासनगरच्या चांदीबाई आणि तलरेजा महाविद्यालयांतून, कल्याणच्या बिर्लातून रसायनशास्त्र घेऊन बाहेर पडलेली मुलं पुढे याच एमआयडीसीच्या शिफ्टमध्ये उभी राहतात. मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीत सेंद्रिय पेरॉक्साइड बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली. पेरॉक्साइड कुठल्या तापमानाला स्वतःच पेटतं, नायट्रेशनमध्ये आम्ल घाईने का घालायचं नसतं, हे ज्या शिक्षकाने प्रयोगशाळेत मुलांच्या डोक्यात पक्कं बसवलं, त्याने जे वाचवलं त्याची मोजणी कुठल्याही डेटाबेसमध्ये होत नाही.

आणि ज्याला खरंच संशोधन करायचं आहे, त्याला आपण कशासाठी गुण देतो ते बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांचा तक्ता आहे. इम्पॅक्ट फॅक्टर दहाच्या वर असलेल्या नियतकालिकात लेख आला तर तीस गुण. भारतीय पेटंटला सात. आंतरराष्ट्रीय पेटंटला दहा. हे आकडे पुन्हा वाचा. एमआयडीसीच्या कुंपणाला लागून असलेल्या महाविद्यालयातला प्राध्यापक शेजारच्या कारखान्याबरोबर बसून, टाकाऊ आम्ल परत वापरता येईल अशी कृती शोधून तिचं पेटंट घेईल, तर सात गुण. तोच वेळ परदेशातल्या एखाद्या मोठ्या गटाच्या लेखात नाव घुसवण्यात घालवेल, तर त्याचा वाटाही याहून जास्त भरेल. शिवाय इम्पॅक्ट फॅक्टर हा त्या नियतकालिकाच्या सगळ्या लेखांना मिळालेल्या उल्लेखांची सरासरी आहे. त्यातल्या मोजक्या लेखांना उल्लेखांचा डोंगर मिळतो, बाकीच्यांना थोडके. म्हणजे आपण या माणसाला दुसऱ्यांच्या लेखांनी कमावलेले गुण देत आहोत. त्याचा लेख कुणी उघडून पाहिला की नाही, हेही त्यात येत नाही.

आकड्याला बक्षीस ठेवलं की आकडा पिकतो. तिरुपतीच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाचे २००४ ते २००७ या काळातले सत्तरच्या आसपास लेख चोरीचे किंवा बनावट असल्याचं २००८ मध्ये उघड झालं. ते उघड होईपर्यंत आकड्यांच्या जगात तो कर्तबगारच होता. स्पेनमधल्या कोर्दोबा विद्यापीठाच्या सेंद्रिय रसायनशास्त्र विभागातले राफाएल लुके हे जगातल्या सर्वाधिक उद्धृत केमिस्टांपैकी एक. २०२३ च्या सुरुवातीच्या महिन्यांत त्यांच्या नावावर सरासरी दर सदतीस तासांनी एक लेख येत होता. परदेशी विद्यापीठांचीही संलग्नता लावल्याबद्दल त्यांच्या विद्यापीठाने त्यांना तेरा वर्षांसाठी बिनपगारी निलंबित केलं. मला त्या शिक्षेच्या योग्यायोग्यतेत शिरायचं नाही. मला एवढंच विचारायचं आहे, की सदतीस तासांत एक सेंद्रिय अभिक्रिया करून, शुद्ध करून, तिचा एनएमआर नीट वाचून लेख लिहिता येतो असं आपल्या पट्ट्यातला कुठला केमिस्ट मान्य करेल? रिकामा फ्लास्क सुकवायलाच रात्र जाते.

इकडे दरवर्षी स्टॅनफर्डच्या नावाने ओळखली जाणारी अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी येते आणि कॉलेजच्या गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. त्या यादीत शास्त्रज्ञांनी स्वतःच स्वतःला दिलेले उल्लेख वेगळे काढून दाखवलेले असतात. फ्लेक्सवर तो रकाना कधी येत नाही. ज्या सहकाऱ्याचं नाव त्यावर झळकतं त्याच्याबद्दल मला आकस नाही. त्यांच्यात उत्तम काम करणारे आहेत. पण त्या कामातलं एक वाक्य, एक रेणू, एक अभिक्रिया तरी फ्लेक्सवर लिहा. विद्यार्थ्याला कळू दे की सर नेमकं काय करतात.

मग आकडा नको तर काय हवं? परत वशिला? अजिबात नाही. सेंद्रिय रसायनशास्त्राकडे याहून कठोर आणि जुनी कसोटी आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत ‘ऑर्गॅनिक सिंथेसेस’ हे वार्षिक सुरू झालं. त्याचा नियम असा, की आलेली प्रत्येक कृती छापण्याआधी संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहायची. तेवढा यील्ड आला, वितळणबिंदू जुळला, तरच ती छापायची. शंभर वर्षं हा नियम चालू आहे. तिथे शिफारस चालत नाही आणि उल्लेखांची मोजणीही चालत नाही. फ्लास्कमध्ये पदार्थ येतो किंवा येत नाही.

आपल्याकडे हे का होऊ नये? उल्हासनगरच्या प्राध्यापकाने दिलेली कृती बदलापूरच्या किंवा कल्याणच्या महाविद्यालयात एम.एस्सी.च्या मुलांनी करून पाहावी. जमली तर त्या माणसाच्या फाइलमध्ये तशी नोंद जावी. पेटंटला आणि कारखान्यात प्रत्यक्ष चालू झालेल्या कृतीला मोठ्या नियतकालिकातल्या लेखाइतके तरी गुण मिळावेत. आणि वालधुनी नदी या पट्ट्याच्या रसायनशास्त्राचा भाग मानली जावी. काकोळ्याच्या बाजूने येणारी, अंबरनाथच्या साडेनऊशे वर्षांपेक्षा जुन्या शिवमंदिराशेजारून वाहणारी ही नदी उल्हासनगरात पोचेपर्यंत काय होते ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात टँकरने रासायनिक कचरा ओतला गेला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या पाण्यात कुठले सेंद्रिय घटक आहेत, ते कुठल्या प्रक्रियेतून येतात, कुठल्या बदलाने ते मुळातच बनणार नाहीत, हे शोधणाऱ्या माणसाला जपानमधून उल्लेख मिळणार नाही. त्याचा वाचक इथे आहे. आपण दिला नाही, तर त्याला गुण देणारं दुसरं कुणी नाही.

शेवटची हरकत नेहमीची : समित्यांना इतका वेळ कुठे आहे? म्हणून सोपं सुचवतो. उमेदवाराने स्वतःची तीन कामं निवडावीत. लेख, पेटंट किंवा प्रोसेस, काहीही. समितीतल्या रसायनशास्त्र जाणणाऱ्या दोघांनी ती शेवटपर्यंत वाचावीत, आणि त्यावर अर्धा तास त्याला प्रश्न विचारावेत : हे द्रावक का, हे उपउत्पादन कुठून आलं, तिसऱ्या पायरीचा यील्ड कमी का. ज्याने काम केलं आहे तो उत्तर देईल, आणि ज्याने नुसतं नाव लावलं आहे तो दहा मिनिटांत उघडा पडेल. तीन कामं वाचायला एक दुपार लागते. एखाद्याच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीचा निकाल द्यायला जी समिती एक दुपार काढू शकत नाही, तिने तो निकाल देऊ नये.